दार काढलं, आरसाही गेला

जीप रँगलरची दारं काढायला अमेरिकन माणसाला टी-५० मापाचा एक टॉर्क्स बिट लागतो, दार धरायला एक माणूस लागतो आणि ऊन पडलेला एक शनिवार लागतो. बिजागरीखालचा बोल्ट सोडवायचा, डॅशबोर्डाखाली शिरणारी वायर सॉकेटातून काढायची, दार ताडकन उघडू नये म्हणून लावलेला पट्टा सोडायचा आणि दार सरळ वर उचलायचं. बिट कुठल्या मापाचा हवा तेही कंपनीनं नव्या रँगलरच्या बिजागरीवर कोरून ठेवलंय. म्हणजे ही काही चोरून केलेली मोडतोड नव्हे, गाडीबरोबर विकलेली हौस आहे. दारं गॅरेजात जातात, मालक वाऱ्यावर जातो. पहिल्याच चौकात तो सवयीनं बाहेर डावीकडे बघतो, तर तिथे फक्त हवा. आरसा दारावर होता. दार भिंतीला टेकून उभं आहे आणि आरसा, बटणानं फिरणारा, थंडीत गरम होणारा, गवत कापायच्या मशीनकडे एकटक बघत बसलाय.

इथून एका बाजाराला सुरुवात होते. दार नसलेल्या गाडीचे आरसे! गोल, चौकोनी, काळे, चकचकीत, बिजागरीच्या भोकात बसणारे, काचेच्या चौकटीला आवळायचे, हातानं पिळायचे, पान्यानं पिळायचे. दारं काढायला पैसे पडले नाहीत, हे लोकांना बहुधा टोचत असावं. ती कसर आरशात भरून निघते.

आता खरी गंमत. रँगलरच्या माहितीपुस्तिकेत दारं काढायची रीत पायरीपायरीनं दिलेली असते, आणि तिथेच चौकटीत तंबीही असते: दारं काढून सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवू नका, दारांमुळे मिळणारं संरक्षण जातं, ही सोय फक्त ऑफ-रोडसाठी आहे. कंपनीच्या वकिलानं आपला पगार हलाल केला. पण वकिलाचं म्हणणं मनावर घेतलं तर आरशाचा प्रश्नच मिटतो. कारण ऑफ-रोडवर, म्हणजे खडक, ओढा, चिखल, झाडी अशा ठिकाणी, मागून ट्रक येत नसतो. युटातल्या मोआबच्या खडकांवर किंवा कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर गाडी माणसाच्या चालीनं सरकते. तिथे ड्रायव्हरला काळजी असते ती पुढचं चाक नेमकं कुठल्या दगडावर चढतंय याची. दार नसलं की वाकून ते चाक बघता येतं. दारं काढण्यामागे काही शहाणं कारण असेल तर ते एवढंच. मागचं चाक कुठे पडतंय ते बघायला काही जण आरसा खाली झुकवून ठेवतात. बाकी सगळा कारभार समोर उभं राहून हातवारे करणाऱ्या सोबत्याच्या भरवशावर चालतो. अशा वाटेवर आरसा बहुतेक वेळ झाडाच्या फांदीला धडकण्याच्याच कामाचा.

आरसा लागतो तो डांबरी रस्त्यावर. म्हणजे नेमका तिथे, जिथे दारं काढून जाऊ नका असं कंपनी म्हणते. आणि असले आरसे ज्या खोक्यांतून येतात त्यांतल्या कितीतरी खोक्यांवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: फक्त ऑफ-रोड वापरासाठी. काय तर्कशुद्ध व्यवहार आहे बघा. जिथे गरज नाही तिथल्यासाठी विकायचा, जिथे गरज आहे तिथे वापरायचा, आणि अपघात झाला की विकणारा आणि वापरणारा, दोघांनीही खोक्याकडे बोट दाखवायचं.

सरकार काय करतं? सरकार दोन आहेत, आणि दोघांचं तोंड दोन दिशांना. वॉशिंग्टनचं सरकार गाडी बनवणाऱ्याला धरतं. त्यांचं १११ क्रमांकाचं सुरक्षा-मानक म्हणतं की कारच्या ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाट काचेचा हवा. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे हा डावा आरसा. उजवीकडचा फुगीर चालेल, पण त्या फुगीरपणाची त्रिज्या ८८९ ते १६५१ मिलिमीटरच्या आत हवी आणि त्यावर 'आरशातल्या वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत' अशी पाटी हवी. मिलिमीटरपर्यंत खोलात गेलेला हा कायदा नव्या गाडीला लागू. तुम्ही दुकानातून आणून बिजागरीत खोचलेल्या आरशाला तो लागू नाही. त्या आरशाची काच कशीही असो, वॉशिंग्टनला पर्वा नाही. मग पर्वा कोणाला? राज्याला. कॅलिफोर्निया म्हणतं, आरसे किमान दोन हवेत, त्यातला एक डाव्या बाजूला, आणि मागचा रस्ता किमान २०० फूट दिसला पाहिजे. इतर राज्यांची गणितं वेगळी. त्यामुळे सीमा ओलांडताना आरसा तोच राहतो, फक्त ड्रायव्हर कायदेशीरचा बेकायदेशीर होतो किंवा उलट.

पण हे २०० फूट कोणत्या वेगाला दिसायला हवेत? गाडी उभी असताना तर खिशातल्या कंगव्याबरोबरच्या आरशातही दिसतात. तसा तर तो जुना तोडगाच आहे. डोरोथी लेविट या इंग्रज मोटारबाईंनी १९०९ साली 'द वुमन अँड द कार' या पुस्तकात बायकांना सल्ला दिला होता की गाडीत हाताशी एक छोटा आरसा ठेवा आणि अधूनमधून वर धरून मागे कोण येतंय ते बघा. दोनच वर्षांनी, १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत, रे हॅरूननं आपल्या पिवळ्या गाडीवर चार दांड्यांवर आरसा बसवला. बाकीचे स्पर्धक मागे लक्ष ठेवायला शेजारी एक मेकॅनिक बसवत. हॅरून एकटाच बसला, म्हणून इतरांनी ओरड केली, म्हणून आरसा आला. तो शर्यत जिंकला आणि मोटारीचा आरसा इतिहासात गेला. पुढे त्यानंच सांगितलं म्हणतात की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं! तक्रार करणाऱ्यांचं तोंड मात्र बंद झालं. बिजागरीतल्या आरशाची परंपरा इतकी थोर आहे.

मिशिगनला माझा भाचा राहतो. मागच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा साहेबांनी जीपची दारं उतरवली होती आणि आरशांची एक जोडी मागवली होती. गोल आरसे, मोटरसायकलला असतात तसे, काळ्या दांडीवर. दांडीच्या टोकाला एक खिळीसारखा दांडका, तो गाडीच्या अंगावरच्या वरच्या बिजागरीच्या रिकाम्या भोकात सोडायचा आणि खालून नट आवळायचा. दांडका भोकापेक्षा किंचित बारीक, म्हणून त्याला प्लॅस्टिकची बाहुली, म्हणजे बुश, घातलेली. भाच्यानं नट आवळला, आरसा हातानं हलवून बघितला आणि म्हणाला, "मामा, रॉक सॉलिड." रस्त्यावर पन्नास मैलांचा वेग येईपर्यंत तो खराही ठरला. साठला आरशाच्या अंगात आलं. मागचा ट्रक एकाचे तीन झाले, तिघांच्याही कडा विरघळल्या, आणि भाचा लेन बदलायच्या आधी मान वळवून मागे बघू लागला, म्हणजे जे आरसा घेतला नसता तरी केलं असतंच. पुढच्या सिग्नलला आरसा वाऱ्यानं फिरून त्याच्याच चेहऱ्याकडे वळला होता. "आता तरी दिसतंय ना काहीतरी," मी म्हणालो. तो बोलला नाही. मामाला जेवायला घालायचं असल्यानं भाचे लोक सहसा बोलत नाहीत.

त्याला मी विचारलं, हेच का घेतलेस? "दिसतात भारी." बस. निवडीचा निकष संपला. दार नसलेल्या गाडीच्या बाजारात नव्वद टक्के विक्री या एका वाक्यावर चालते, आणि ही आकडेवारी माझी स्वतःची आहे, शास्त्राशी तिचा संबंध नाही. आरसा बाहेरून कसा दिसतो हे सगळे बघतात. आतून त्यात काय दिसतं हे कुणी बघत नाही, कारण खरेदी करताना गाडी उभी असते, दुकानातही आणि जाहिरातीतल्या फोटोतही.

आता थोडं काच-दांडीचं बोलू, कारण घोळ तिथेच आहे. कंपनीचा आरसा दाराच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यात असतो. वरची बिजागरी त्याहून खाली आणि पुढे. म्हणजे बिजागरीतल्या आरशाला योग्य जागी यायचं तर दांडी वर चढली पाहिजे आणि बाहेरही गेली पाहिजे. दांडी आखूड ठेवली तर आरशात अर्धा वेळ आपल्याच गाडीचा पत्रा आणि मागच्या चाकावरची रुंद पट्टी दिसते. दांडी लांब केली तर दिसतं छान, पण थरथर वाढते. टोकाला जड काच असेल तर आणखीच. वर रँगलरला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, त्यात मालकानं दात असलेले जाडजूड टायर चढवलेले. तो सगळा हादरा बॉडीतून बिजागरीत, बिजागरीतून दांडीत आणि दांडीतून बिचाऱ्या काचेत. म्हणून काच कुठली, रंग कुठला, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा की दांडका भोकात किती घट्ट बसतो आणि दांडीला दुसरा टेकू आहे का. नुसता एका नटावर लोंबणारा आरसा आणि नटाबरोबर फिरू नये म्हणून बॉडीच्या पत्र्याला किंवा बिजागरीच्या अंगाला टेकणारा आरसा, यांत हायवेवर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नटाच्या आट्यांना तो निळा द्राव लावावा, ज्यानं नट आपोआप सैल होत नाही पण पान्यानं सुटतो. लाल लावू नये. लाल लावला की पुढच्या थंडीत दारं परत बसवताना त्या नटाशी तुमचं जन्माचं नातं जडतं.

"हातानं पिळा, दोन सेकंदांत निघतो" अशी जाहिरात असते. जो तुमच्या हातानं दोन सेकंदांत निघतो तो मॉलच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याच्याही हातानं दोन सेकंदांतच निघतो. दारं नसलेल्या गाडीत तशीही चोराला दार उघडायची तसदी नसते. आता आरसाही पाहुणचारात.

फुगीर काचेचा मोहही जबरदस्त. छोट्या गोल आरशात फुगीर काच बसवली की सगळं जग त्यात मावतं. मावतं खरं, पण मुंगीएवढं. ड्रायव्हरच्या बाजूला अशी काच बसवून हायवेवर लेन बदलणारा माणूस मागच्या गाडीचं अंतर अंदाजानं नव्हे, श्रद्धेनं ठरवत असतो. खोक्यावर 'वाइड व्ह्यू' लिहिलेलं असतं. त्रिज्या किती ते लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. डावीकडे सपाट, उजवीकडे हलकी फुगीर, हा सरकारी नियम इथे मुकाट्यानं पाळावा. या एका बाबतीत सरकार शहाणं आहे, आणि असं लिहायची वेळ या सदरात क्वचितच येते.

आतला आरसा आहे की, असं म्हणणारे असतात. असतो. पण रँगलरच्या मागच्या फाटकावर स्टेपनी टांगलेली, आणि मालकानं पस्तीस इंची टायर घातले असतील तर स्टेपनीही पस्तीस इंची. आतल्या आरशात मागच्या ट्रकच्या जागी तिचाच गोल गरगरीत माथा. कापडी टप असेल तर त्याची प्लॅस्टिकची खिडकी चारपाच उन्हाळ्यांत पिवळी धुरकट. मागचा कॅमेरा? अमेरिकेत १ मे २०१८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला, पण तो गाडी मागे घेताना. पुढे जाताना शेजारच्या लेनमध्ये कोण आहे ते सांगायला त्याची नेमणूक नाही.

आरसे लावायची एक शास्त्रोक्त रीत आहे. १९९५ साली अमेरिकन ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संघटनेपुढे मांडलेल्या एका निबंधानंतर ती गाजली. ड्रायव्हरनं डोकं खिडकीच्या काचेला टेकवायचं आणि डावा आरसा इतका बाहेर वळवायचा की आपल्या गाडीची कड फक्त जेमतेम दिसेल. मग सरळ बसायचं. असं केलं की आंधळा कोपरा जवळजवळ जातो. रीत नामी आहे. फक्त भाच्याच्या गाडीत डोकं टेकवायला काचच नाही. डोकं टेकवायला गेलो असतो तर रस्त्यावर गेलो असतो. पट्टा बांधून, अंदाजानं तेवढं झुकून, दुसऱ्या माणसाला दांडी पकडायला लावून, बरोबर जागी आल्यावर नट आवळायला तिसरा माणूस बोलवावा. दार काढायला दोघं पुरतात, आरसा लावायला तिघं.

आणि एवढं करून त्याच बिजागरीवर दुसरे उमेदवार आहेतच. दार नसलं की पाय बाहेर काढून ठेवायची इच्छा होते, म्हणून बिजागरीत बसवायचे पाय-टेकू विकतात. ते सहसा खालच्या बिजागरीत जातात, पण उंच माणसाला वरची सोयीची वाटते, मग आरसा म्हणतो मी कुठे जाऊ. डॅशबोर्डवर रबरी बदकांची रांग. २०२० मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरियोत एका जीपवालीनं दुसऱ्याच्या जीपवर बदक ठेवलं आणि ते लोण सगळीकडे पसरलं. आता जितकी बदकं जास्त तितका जीपवाला लाडका. काचेपुढे दोन डझन पिवळी बदकं, पाय बाहेर, दार घरी, आरसा थरथरतोय, आणि समोरून दुसरी जीप आली की स्टिअरिंगवरचा हात उचलून सलाम. पुढचं, मागचं, बाजूचं न बघता सुखरूप घरी पोचणारी जमात बघायची असेल तर मिशिगनचा जुलै बघावा.

आता दोष कोणाचा? माझं बोट कंपनीकडे आहे, आणि कारणासकट. २०१८ च्या मॉडेलपासूनच्या रँगलरची पुढची काच खाली पाडता येते. काच पाडली तर आतला आरसा कुठे जाईल, याचा विचार इंजिनिअरांनी केला: दोन खांबांना वरून जोडणारा आडवा दांडा त्यांनी काचेपासून वेगळा ठेवला, काच झोपली तरी दांडा उभा, दांड्यावर आरसा उभा. वा! म्हणजे ज्या आरशात स्टेपनी दिसते त्याची चिंता केली. ज्या आरशात ट्रक दिसतो तो दारावर ठेवला, आणि दार काढायचा बिट हातात दिला. एकाच इमारतीत बसणाऱ्या दोन विभागांचं एकमेकांशी बोलणं नसतं हे आपल्याला आपल्या नगरपालिकेमुळे ठाऊक आहे. रस्ता करणारे आधी आणि पाइप टाकणारे मागाहून. पण जीपकडून अपेक्षा होती.

फोर्डनं मात्र संधी बरोब्बर साधली. जुलै २०२० मध्ये नवी ब्रॉन्को दाखवली तेव्हा तिचे आरसे दारावर नव्हतेच, बॉनेट आणि काच जिथे मिळतात तिथे बॉडीवर बसवलेले होते. दारं काढा, आरसे जागेवर. चार दारांच्या ब्रॉन्कोत काढलेली दारं मागच्या डिकीत ठेवायची सोयही केली. इतकी साधी गोष्ट की लाज वाटावी. रँगलरची वंशावळ १९४१ च्या विलीज जीपपर्यंत जाते, आणि विलीजला मुळात दारंच नव्हती, म्हणून तिचा आरसा बॉडीवरच. पुढच्या पिढ्यांनी दार आणलं, आरसा दारावर चढवला, मग दार काढायची मौज विकली. आता पणतवंडं पैसे देऊन पणजोबांची जागा परत विकत घेतात.

या भानगडीत आपलाही हात आहे, तोही नाशिकमार्गे. महिंद्रांची थार नाशिकला तयार होते. तिच्याच सांगाड्यावर बेतलेली रॉक्सॉर महिंद्रांनी २०१८ मध्ये मिशिगनमध्ये विकायला काढली. दारं नाहीत, रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, सुरुवातीला वेग ताशी ४५ मैलांवर बांधलेला, शेतात आणि रानात फिरायची गाडी. जीप बनवणाऱ्या कंपनीनं दावा ठोकला की ही आमच्या जीपसारखी दिसते. काय काय सारखं दिसतं याची त्यांची यादी मोठी वाचनीय आहे: चपटं बॉनेट, बाहेरून लावलेल्या बॉनेटच्या कड्या, उभ्या फटींचं नाक, आणि सहाव्या क्रमांकाला, बाजूच्या पत्र्यात दारासाठी पाडलेली कमान. म्हणजे दार नाही, पण दार नसण्याची जागा आमची! २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं निकाल जीप कंपनीच्या बाजूनं दिला आणि महिंद्रांना गाडीचं तोंड बदलावं लागलं. आरशावर कुणी हक्क सांगितल्याचं यादीत नाही. असतं तर तो चांगला बसवला असता.

आणि आपल्याकडे दार नसलेली जीप काही नवी नाही. सातारा-कोल्हापूरकडच्या वडापात बसलेल्या कुणालाही विचारा. ड्रायव्हर अर्धा बाहेर, कारण त्याच्या उजव्या-डाव्या दोन्ही अंगांना माणसं. आरसा होता, पण त्याच्यापुढे एका आजोबांचा पटका. मागचं कोण बघायचं? मागच्या पायरीवर लटकलेलं पोरगं. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे सोड, आणि लांबून "येऊ दे, येऊ दे, बास!" अशी हाळी. थरथरत नाही, धुकं धरत नाही, वाऱ्यानं फिरत नाही. फक्त कॅलिफोर्नियाच्या कायद्यात त्याला आरसा म्हणून मान्यता मिळाली नसती. (ही सुरक्षित पद्धत आहे असं मी म्हणत नाही. त्या गाडीत मी एकदा बॉनेटजवळ बसून आलोय.)

भाच्याला शेवटी मी सांगितलं ते हे. गोल आरसे परत पाठव, मुदत असेल तर. कंपनीचेच मोठे आरसे दारावरून काढून काचेच्या चौकटीच्या बिजागरीशी बॉडीवर बसवायचे ब्रॅकेट मिळतात, ते घे. गाडी थोडी विचित्र दिसेल, दारं लावल्यावर जुन्या जागी झाकणं दिसतील, वायर वाढवली नाही तर बटण आणि काच गरम करणारी तार दोन्ही मुकी होतील. पण काच मोठी, ओळखीची आणि अंगाला घट्ट. ते जमत नसेल तर निदान चौकोनी, मोठी, सपाट काच आणि आखूड दांडी. घेण्याआधी ज्यानं ती लावलीय अशा कुणाच्या शेजारी बसून हायवेवर एक फेरी मार आणि मागच्या गाडीचा नंबर वाचून दाखव. नंबर वाचता आला तर घे. जंगलात जाशील तेव्हा आरसा आत दुमडता आला पाहिजे, आणि फांदीनं मारला तर तुटण्याआधी वळला पाहिजे. भाचा म्हणाला, "मामा, पण ते दिसायला..." मी म्हटलं, गाडीच्या आत बसून तुला बाहेरून आरसा दिसतच नाही.

रँगलर आता आपल्या दाराशी, म्हणजे पुण्याजवळ रांजणगावला, जोडली जाते, २०२१ पासून. महागणपतीच्या दर्शनाला जाताना एमआयडीसीच्या वाटेवर ज्यांना ती दिसते त्यांच्या मनात दारं काढायचे विचार येणारच. त्यांना आपला कायदा आधीच सांगून ठेवतो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावलंय. "पण साहेब, बोल्ट कंपनीनंच दिलाय" हा युक्तिवाद नगर रस्त्यावरच्या वाहतूक पोलिसापुढे करून पाहायला माझी हरकत नाही. निकाल काय लागतो ते कळवा.

तसं पुण्यात कायद्याची वेळ येणारच नाही. अमेरिकेत दोन गाड्यांचं गॅरेज असतं, दारं भिंतीला टांगायला खुंट्या असतात. इथे एक पार्किंग, त्यावर शेजाऱ्याची स्कूटर तिरकी. चार दारं उतरवून ठेवायची कुठे? पार्किंगच्या खांबाशी ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींची सूचना लागेल: 'सभासदांनी आपले भंगार सामान तीन दिवसांत हलवावे, अन्यथा विल्हेवाट लावली जाईल.' तेव्हा घाईघाईनं चारही दारं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टनं, एकेक करून, बेडरूममध्ये. त्यातल्या दोन दारांना आरसे आहेतच. घरच्यांची ड्रेसिंग टेबलची मागणी तरी मिटेल.